ओव्हन तापत नाही? ‘बोर्ड गेला’ म्हणण्याआधी

चवथ (गणेश चतुर्थी) आटोपली की नाताळापर्यंत आमच्याकडे ओव्हन दुरुस्तीचे फोन वाढतात. पावसाळाभर बंद असलेला ओव्हन केकसाठी चालू करावा, तर तो तापायचं नाव घेत नाही. ‘पीसीबी (ओव्हन चालवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) गेला असणार’ हे निदान बरेच जण फोनवरच सांगून टाकतात. बोर्ड हा ओव्हनमधला बहुधा सगळ्यात महाग भाग, म्हणून आम्ही त्याच्यावर संशय सगळ्यात शेवटी घेतो.

आधी घड्याळ बघा. लाईट जाऊन आली की डिस्प्लेवर वेळ लुकलुकत राहते, आणि ती लावल्याशिवाय अनेक बिल्ट-इन ओव्हन तापतच नाहीत. किल्लीचं किंवा कुलपाचं चिन्ह दिसत असेल तर चाइल्ड लॉक लागलाय. शोरूममध्ये मांडलेला पीस स्वस्तात घेतला असेल तर डेमो मोड चालू असू शकतो: दिवा लागतो, पंखा फिरतो, एलिमेंट, म्हणजे तापणारी नळी, मात्र थंड. एवढ्यासाठी व्हिजिटचे पैसे कशाला घालवता, फोनवर विचारा.

ओव्हन लावला की घरातला आरसीसीबी (करंट गळला की लाईट तोडणारा सुरक्षा स्विच) पडतो, ही तक्रार पावसाळ्यानंतर हमखास येते. त्यात बोर्डाचा दोष क्वचितच असतो. एलिमेंटच्या नळीत मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड भरलेली असते. महिनोन्‌महिने न वापरलेल्या एलिमेंटमध्ये ही पूड आपल्या हवेतली ओल ओढून घेते, मग करंट नळीवाटे अर्थिंगला गळतो आणि ३० मिलिअँपचा आरसीसीबी आपलं काम करतो. एलिमेंट सुकवला की काही वेळा भागतं, नाहीतर बदलावा लागतो. तोवर आरसीसीबी बायपास करून ओव्हन चालवू नका. अर्थिंगची वायर सोडवण्याचा सल्ला कोणी दिला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

घरी आल्यावर आम्ही ओव्हनचा एमसीबी (मीटरबोर्डावरचा स्विच) बंद करून, वायर सोडवून मीटर लावतो. १२०० वॅटच्या एलिमेंटला साधारण ४४ ओहम दिसायला हवेत. मग तापमानाचा सेन्सर. बऱ्याच मॉडेलांत तो पीटी १००० जातीचा असतो: शून्य अंशाला १००० ओहम आणि पुढे दर अंशाला सुमारे ३.८५ ओहमची वाढ. म्हणजे ३० अंशांच्या दुपारी आकडा १११५ च्या आसपास आला पाहिजे. काहीच आकडा आला नाही तर सेन्सर किंवा त्याची वायर तुटलेली. डिस्प्लेवरचा एरर कोड पुष्कळदा याचाच असतो, बोर्ड बिचारा फक्त निरोप्या. सगळ्या मॉडेलांचा सेन्सर सारखा नसतो, म्हणून मॉडेल नंबर आधी विचारतो.

वायरिंग आणि थर्मल कटआउटही (ओव्हन फार तापला की करंट तोडणारा स्विच) ठीक निघाले, की मग बोर्ड. ओव्हन सुरू करताना ‘टक्’ ऐकू येतं ते रिलेचं, म्हणजे एलिमेंटचा करंट चालू-बंद करणाऱ्या बोर्डावरच्या स्विचचं. टक् झालं पण रिलेतून पुढे २३० व्होल्ट गेले नाहीत, तर कॉन्टॅक्ट जळालेत. टक् होतच नसेल तर रिलेची कॉइल, तिला चालवणारा ट्रान्झिस्टर किंवा बोर्डाचा पॉवर सप्लाय बघायचा. डिस्प्ले मंद होत गेला असेल तर बहुधा फुगलेला कपॅसिटर सापडतो. बोर्ड उलटा करून भिंगाखाली धरला की रिलेच्या पायाभोवती तपकिरी डाग दिसतो आणि सोल्डरला बारीक गोल भेग. असा बोर्ड टाकून देण्याची गरज नसते, रिले आणि सोल्डर नवं केलं की चालतो. बोर्डाचा मेंदू असलेला मायक्रोकंट्रोलरच जळाला असेल तर मात्र इलाज नाही.

कांदोळी, कोलवासारख्या किनाऱ्यालगतच्या घरांत खाऱ्या हवेनं कनेक्टर हिरवे पडतात. कधी आत मुंग्यांचं वारूळ, कधी दोन टोकांना चिकटून मेलेली पाल. पण खरा गुन्हेगार अनेकदा सुतार असतो! ओव्हनमागे हवेसाठी सोडायची फट तो नीटनेटकेपणाच्या नादात बंद करतो आणि बोर्ड आत भाजून निघतो. ओव्हन बंद केल्यावर पंखा थोडा वेळ फिरत राहतो तो त्यासाठीच, लगेच मेन स्विच बंद करू नका.

एका बाबतीत थांबू नका. बंद करूनही ओव्हन तापतच राहिला, तर रिले चिकटलाय. ताबडतोब एमसीबी पाडा आणि मग फोन करा. स्वतः झाकण उघडू नका. कित्येक बोर्डांवर बटणांच्या सर्किटपर्यंत २३० व्होल्ट असतात.

फोन करताना दार उघडून चौकटीवरच्या पट्टीचा आणि एरर कोडचा फोटो पाठवा. बेबिंका (थराथरांचा गोव्याचा गोड पदार्थ) करायचा बेत असेल तर नोव्हेंबरातच वरचा ग्रिल तापवून बघा, कारण थर वरच्या आचेवर धरतात आणि डिसेंबरात बोर्ड मागवून वेळेत मिळेलच असं नाही. बोर्ड बदलला तर जुना तुमच्या हातात देऊनच आम्ही निघतो. जुनाच पुसून परत बसवण्याचे प्रकार या धंद्यात होतात, म्हणून तो मागून घ्यायला लाजू नका.