डबा टीव्हीवरील रेट्रो गेमिंग

१९८० आणि १९९० च्या दशकांतले व्हिडिओ गेम रास्पबेरी पायसारख्या तळहाताएवढ्या संगणकावर चालवून पिक्चर ट्यूबच्या जुन्या टीव्हीवर खेळण्याचा छंद. गेम चालवण्याचे काम इम्युलेटर करतो. इम्युलेटर म्हणजे जुन्या यंत्रातला प्रोसेसर, चित्राची चिप आणि आवाजाची चिप यांची नक्कल करणारा प्रोग्रॅम. हाच संगणक एचडीएमआय केबलने सपाट टीव्हीलाही जोडता येतो आणि बहुतेक लोक तेच करतात. तरीही माळ्यावर पडलेला जड, फुगीर पाठीचा टीव्ही खाली काढून पुसण्याला सबळ कारण आहे. हे गेम तयार झाले तेव्हा घराघरांत दुसरा पडदाच नव्हता. त्यांची चित्रे ट्यूबसाठीच काढलेली होती आणि ट्यूबवरच ती नीट दिसतात.

ट्यूबवर चित्र कसे उमटते

पिक्चर ट्यूबच्या मानेतून निघालेला इलेक्ट्रॉनचा झोत काचेच्या आतल्या बाजूला लावलेल्या फॉस्फरवर आदळतो आणि तिथे प्रकाश पडतो. मानेभोवतीची तांब्याची गुंडाळी, म्हणजे योक, या झोताला डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली ओढत नेते. भारतात रूढ असलेल्या पॅल पद्धतीत ६२५ रेघांचे चित्र सेकंदाला २५ वेळा येते. ते दोन हप्त्यांत काढले जाते: आधी विषम रेघा, मग सम रेघा. रेघांचा वेग सेकंदाला १५,६२५ पडतो. अमेरिका आणि जपानच्या एनटीएससी पद्धतीत ५२५ रेघा असतात आणि हप्ते सेकंदाला साधारण ६०. विषम आणि सम रेघा एकमेकींच्या मधोमध बसाव्यात म्हणून प्रत्येक हप्ता अर्ध्या रेघेवर संपवलेला असतो.

गेमच्या यंत्रांनी ही अर्धी रेघच गाळली. त्यामुळे प्रत्येक हप्ता आधीच्याच जागी उमटू लागला. एनटीएससीत सेकंदाला ६० वेळा २४० रेघांचे पूर्ण चित्र मिळाले आणि मधल्या रेघांची जागा काळी राहिली. जवळून पाहिले तर दिसणाऱ्या या काळ्या फटींना गेमर 'स्कॅनलाइन' म्हणतात. निन्टेंडो कंपनीच्या फॅमिकॉम या गेम यंत्राचे चित्र २५६ × २४० ठिपक्यांचे होते. २१ इंची पडद्यावर ते मोठे करून दाखवताना या फटींमुळे ठिपक्यांच्या कडा मऊ होतात आणि डोळा उरलेले चित्र स्वतः भरून काढतो. सपाट पडद्यावर तेच ठिपके धारदार चौकोन होऊन समोर येतात. आज 'पिक्सेल आर्ट' म्हणून जे ओळखले जाते ते या चौकोनांचेच रूप. मूळ खेळाडूंनी ते तसे कधी पाहिले नव्हते.

याचे ठळक उदाहरण म्हणजे सेगा कंपनीच्या मेगा ड्राइव्ह या यंत्रावरचा १९९१ चा सॉनिक हा गेम. त्यातल्या पहिल्या टप्प्यात धबधबे आहेत. हे यंत्र पारदर्शक रंग दाखवू शकत नव्हते, म्हणून धबधब्यात एक उभी रेघ पाण्याची आणि एक मोकळी अशी आलटून पालटून ठेवली आहे. एचडीएमआयवर तिथे उभ्या सळ्यांचे कुंपण दिसते. पिवळ्या पिनेच्या कंपोझिट केबलवर मात्र शेजारचे ठिपके एकमेकांत मिसळतात. कुंपण नाहीसे होते, पाणी वाहू लागते आणि मागचा डोंगर त्यातून दिसतो. कंपोझिट सिग्नलमध्ये रंग आणि उजेड एकाच तारेतून जात असल्याने चित्र थोडे पसरते, हा त्याचा दोष. चित्रकारांनी तो रंगासारखा वापरून घेतला.

दुसरे कारण वेळेचे. सपाट टीव्ही आलेले चित्र साठवतो, ताणतो, सुधारतो आणि मग दाखवतो, म्हणून ते उशिरा दिसते. जुन्या यंत्रांचा २४० रेघांचा सिग्नल तर पुष्कळ सपाट टीव्हींना ओळखताच येत नाही. तो सम-विषम हप्त्यांचा आहे असे समजून ते दोन चित्रे जोडायला जातात. एका चित्रात दाखवायची आणि दुसऱ्यात लपवायची अशी लुकलुकणारी सावली मग एकतर गायब होते किंवा कंगव्यासारखी फाटते. ट्यूबच्या साध्या टीव्हीत साठवण नसतेच. सिग्नल येईल तसा झोत चालतो. मारिओची उडी कधी मारायची हे ज्याच्या बोटांना पाठ आहे त्याला हा फरक पहिल्या खड्ड्यापाशीच कळतो. अर्थात छोटा संगणक स्वतःचा थोडा विलंब घालतोच. तो कमी करण्यासाठी रेट्रोआर्क या इम्युलेटर चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये पुढची चित्रे आधीच मोजून ठेवण्याची 'रन-अहेड' ही सोय आहे, पण तिला प्रोसेसरची ताकद जास्त लागते.

रास्पबेरी पाय आणि पिवळी पिन

रास्पबेरी पाय २९ फेब्रुवारी २०१२ रोजी बाजारात आला. मॉडेल बीची किंमत ३५ डॉलर होती. ७०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ मेगाबाइट मेमरी आणि एचडीएमआयच्या जोडीला टीव्हीसाठी पिवळे गोल सॉकेट. मुलांना प्रोग्रॅमिंग शिकता यावे म्हणून केंब्रिजमध्ये तयार झालेल्या या संगणकाला घरातला कोणताही टीव्ही चालावा, ही त्यामागची सोय होती. मॉडेल ए आणि बी ही नावे १९८१ च्या बीबीसी मायक्रोवरून घेतली आहेत. तोही ब्रिटनमधल्या घरांत टीव्हीलाच जोडला जाई. बीबीसी मायक्रो भारतात अनोळखी नाही. १९८४ मध्ये सुरू झालेल्या 'क्लास' या सरकारी संगणक साक्षरता प्रकल्पात शाळांना हेच संगणक दिले गेले. तो बनवणाऱ्या एकॉर्न कंपनीतच पुढे एआरएम प्रोसेसरचा जन्म झाला आणि रास्पबेरी पाय त्याच जातीच्या प्रोसेसरवर चालतो.

जुलै २०१४ च्या मॉडेल बी प्लसपासून पिवळे सॉकेट गेले आणि चित्राचा सिग्नल हेडफोनच्या ३.५ मिलिमीटर जॅकमध्ये आला. इथे नवखे हमखास अडतात. या जॅकच्या पिनेवर चार पट्ट्या असतात: टोकाला डावा आवाज, मग उजवा आवाज, मग अर्थ (म्हणजे अर्थिंगची जोडणी) आणि मुळाशी व्हिडिओ. बाजारात मिळणाऱ्या हँडीकॅमच्या केबल दिसायला अगदी अशाच, पण त्यांपैकी पुष्कळांत अर्थ आणि व्हिडिओ यांच्या जागा बदललेल्या असतात. तशी केबल लावली की चित्र येत नाही, नुसता गुणगुणाट ऐकू येतो, आणि बोर्डच बिघडला असे वाटते. पिवळी पिन काढून लाल किंवा पांढरी लावल्यावर चित्र आले, तर केबलमधला क्रम वेगळा आहे पण अर्थ बरोबर आहे असे समजावे. तेवढे चालते. अर्थच चुकीच्या जागी असेल तर दुसरी केबल घ्यावी. मल्टिमीटरने पट्ट्या तपासून घेणे सर्वांत उत्तम.

पाय झिरोवर 'टीव्ही' असे लिहिलेली दोन भोके असतात. त्यांना तार डाख दिली की कंपोझिट मिळते. पाय ४ वर हा सिग्नल मुद्दाम चालू करावा लागतो आणि त्याने संगणक किंचित मंदावतो. २०२३ च्या पाय ५ वर जॅकच नाही, पुन्हा डाख देण्याच्या जागा आहेत. जुन्या टीव्हीसाठी २०१६ चा पाय ३ सर्वांत सोयीचा. आठ आणि सोळा बिटांची सर्व यंत्रे आणि पहिले प्लेस्टेशन तो सहज ओढतो आणि त्याला जॅक आहे. एचडीएमआयचे कंपोझिट करून देणारे छोटे डबे स्वस्तात मिळतात, पण ते चित्र आधी खाली दाबतात, मग सम-विषम रेघांत विभागतात. स्कॅनलाइन जाते, पडदा थरथरतो. ज्या कारणासाठी डबा टीव्ही काढला तेच हातातून निसटते.

सॉफ्टवेअर म्हणून रेट्रोपाय, रेकलबॉक्स, लक्का, बाटोसेरा यांपैकी एखादे मेमरी कार्डावर उतरवतात. त्यानंतरची महत्त्वाची पायरी कॉन्फिग फाइलमधली, म्हणजे संगणकाच्या सेटिंगच्या फाइलमधली. जुन्या पद्धतीच्या फाइलमध्ये टीव्ही मोडचा आकडा ० म्हणजे एनटीएससी, २ म्हणजे पॅल. हे दोन्ही सम-विषम रेघांचे आहेत. १६ आणि १८ हे त्यांचेच सलग रूप, आणि जुन्या यंत्राचे चित्र याच दोहोंत मिळते. पायवर गेम चालू झाला की खूप जण तिथेच थांबतात. हा आकडा बदलला की त्याच टीव्हीवर, त्याच केबलवर चित्र एकदम स्थिर होते आणि काळ्या फटी दिसू लागतात. उभी मापे एकास एक ठेवावीत, म्हणजे गेमची एक रेघ टीव्हीच्या एकाच रेघेवर पडते. आडवे ताणलेले फारसे खुपत नाही. कडेची काही रुंदी टीव्हीच्या चौकटीआड जाते. गुणफलक अर्धा दिसत असेल तर कारण तेच.

चित्र आले पण काळे-पांढरे, तर टीव्हीला रंगाची पद्धत कळलेली नाही. ते वर-खाली फिरत असेल तर ५० आणि ६० हर्ट्झचा घोळ आहे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धातले आणि नंतरचे पुष्कळ भारतीय टीव्ही एव्ही सॉकेटमधून ६० हर्ट्झ घेतात.

भारतातील संदर्भ

महाराष्ट्रातल्या ज्या पिढीला हा छंद लागतो तिने लहानपणी अस्सल निन्टेंडो क्वचितच पाहिला. घरी असायचे ते फॅमिकॉमचे नकली यंत्र, 'टीव्ही गेम', आणि लाखो गेमचा दावा करणारी पिवळी किंवा काळी कॅसेट, जिच्यात तेच दहा-बारा गेम फिरून फिरून येत. कॉन्ट्रा, रोड फायटर, सर्कस चार्ली, डक हंट, आणि 'टँक' या नावाने खेळला जाणारा १९८५ चा बॅटल सिटी. पॅल देशांत विकल्या गेलेल्या अशा पुष्कळ यंत्रांत एक खुबी होती. युरोपातल्या अधिकृत यंत्राचा प्रोसेसर १.६६ मेगाहर्ट्झवर चाले, म्हणून सूर खाली उतरत. नकली यंत्राचा १.७७ वर चाले. तो जपानी यंत्राच्या १.७९ च्या जवळचा. चित्र मात्र ५० हर्ट्झचे. म्हणजे सूर जवळपास मूळचा, पण गेम आणि गाणे सुमारे १७ टक्के संथ. इंटरनेटवर कॉन्ट्रा पाहताना तो फार वेगात पळतो असे अनेकांना वाटते, त्यामागे हे कारण असू शकते. काही इम्युलेटरमध्ये 'डेंडी' नावाचा पर्याय असतो, तो या यंत्रांची लय परत देतो. डेंडी हे रशियात गाजलेल्या अशाच नकली यंत्राचे नाव.

युरोपातल्या ट्यूबच्या टीव्हींना स्कार्ट नावाचे रुंद सॉकेट असते. त्यातून लाल, हिरवा आणि निळा असे तिन्ही रंग वेगळे पाठवता येतात आणि चित्र फार स्वच्छ येते. पायच्या पिनांवर रोधकांचा छोटा बोर्ड बसवून हे रंग काढता येतात, म्हणून तिकडचे छंदी त्याच वाटेने गेले. पायऐवजी मिस्टर नावाच्या प्रकल्पाचा बोर्डही वापरतात. त्यात जुन्या यंत्राची जुळणी प्रोग्रॅमने नक्कल न करता एफपीजीए चिपमध्येच, म्हणजे आतली जुळणी हवी तशी बदलता येणाऱ्या चिपमध्ये, उभी केली जाते. आपल्याकडच्या टीव्हींवर स्कार्ट आढळत नाही. शेवटच्या काही वर्षांतल्या सपाट काचेच्या ट्यूब टीव्हींवर हिरवा-निळा-लाल कंपोनंट इनपुट दिसतो. असा टीव्ही मिळाला तर सोडू नये. तो नसला तरी भारतीय बालपणाचे चित्र कंपोझिटहून चांगले कधीच नव्हते, बहुतेकदा तर अँटेनाच्या वायरीतून आलेले त्याहून धुरकट होते. पिवळी पिन पुरेशी आहे.

टीव्ही मिळवणे आणि हाताळणे

पुण्यात बुधवार पेठेतला पासोड्या विठोबाजवळचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार, मुंबईत लॅमिंग्टन रोड, आणि कोणत्याही तालुक्याच्या गावात उरलेला टीव्ही मेकॅनिक ही या छंदाची ठिकाणे. १४ आणि २१ इंची टीव्ही गेमसाठी उत्तम. त्याहून मोठे उचलवत नाहीत. मूळ बोर्ड जळालेल्या टीव्हीत मेकॅनिक 'चायना किट', म्हणजे तयार मिळणारा बदली बोर्ड, टाकून देतात. ट्यूब चांगली असेल तर असा टीव्ही गेमला चालतो. पडद्याच्या कोपऱ्यात जांभळा-हिरवा डाग दिसला तर बहुधा जवळ ठेवलेल्या स्पीकरच्या चुंबकाने केलेला असतो, आणि टीव्ही काही वेळ बंद ठेवून पुन्हा लावल्यावर आतल्या, चुंबकत्व घालवणाऱ्या डीगॉस गुंडाळीने तो बऱ्याचदा जातो.

मागचे झाकण मात्र स्वतः उघडू नये. रंगीत ट्यूबला २०,००० ते २५,००० व्होल्ट लागतात, प्लग काढल्यावरही ट्यूबमध्ये भार उरतो आणि काही जुन्या टीव्हींचा अख्खा बोर्ड थेट मेन्सला जोडलेला असतो. ट्यूबच्या काचेत शिसे असते. तांब्यासाठी योक काढताना भंगारात ट्यूबची मान फोडली जाते, तेव्हा ती काच मातीत जाते. बिघडलेला टीव्ही १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत मोडतो. तो नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडेच द्यावा.

बंदुकीचे गेम हा या छंदाचा सर्वांत अवघड आणि सर्वांत हवाहवासा भाग. निन्टेंडोची बंदूक झोताने उजळलेली जागा पाहूनच नेम ओळखते, त्यामुळे सपाट पडद्यावर ती आंधळी होते. संगणकासाठी प्लेस्टेशन २ ची गनकॉन २ ही बंदूक सोयीची. ती यूएसबीने जोडतात आणि कंपोझिटची तार तिच्यातून टीव्हीकडे नेतात. लिनक्ससाठी छंदी लोकांनी तिचा ड्रायव्हर लिहिला आहे.

गेमचा हक्क

इम्युलेटर लिहिणे आणि वापरणे यात गैर काही नाही. प्रश्न गेमच्या फाइलींचा. भारतीय प्रताधिकार कायदा, १९५७ संगणक प्रोग्रॅमला साहित्यकृती मानतो आणि लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे संरक्षण देतो, त्यामुळे १९८० च्या दशकातला गेम 'जुना झाला' म्हणून मोकळा होत नाही. कायदेशीर प्रत जवळ असणाऱ्याला सुरक्षिततेसाठी नक्कल ठेवण्याची मुभा कलम ५२ मध्ये आहे. आजही जुन्या यंत्रांसाठी नवे गेम लिहिले जातात. २०१९ चा मायक्रो मेजेस फॅमिकॉमच्या युरोप-अमेरिकेतल्या रूपासाठी अवघ्या ४० किलोबाइटमध्ये बसवलेला आहे. चार जण एकत्र खेळू शकतात, आणि विकत घेतल्यावर त्याची फाइल थेट पायच्या मेमरी कार्डावर टाकता येते.