पाइनच्या फळीतली गडद रेघ

रत्नागिरी-चिपळूणकडच्या एखाद्या वखारीत पाइनची फळी दिसली तर तिच्यावर नख दाबून बघा. फिकट, रुंद पट्ट्यात नख रुततं. शेजारच्या बारीक गडद रेघेत रुतत नाही. झाड एकच, वर्षही एकच, मग हा फरक कसला?

पेशीभित्तीची घनता बहुतेक सगळ्या झाडांत जवळपास सारखी, घनसेंटिमीटरला सुमारे १.५ ग्रॅम. लाकूड हलकं की जड, हे भिंत किती आणि पोकळी किती यावर ठरतं. पाइन, देवदार अशा सूचिपर्णी झाडांचं लाकूड जवळजवळ सगळं एकाच प्रकारच्या लांबट पेशींचं असतं, त्यामुळे हा हिशेब तिथे फार स्वच्छ दिसतो.

या पेशी सालीखालच्या कॅम्बियम नावाच्या पातळ थरात जन्मतात. थंड प्रदेशात दिवसाचं किमान तापमान ४-५ अंश सेल्सिअसच्या वर जाईपर्यंत हा थर जवळजवळ ठप्प असतो. गंमत म्हणजे त्याहून कमी तापमानातही पानं अन्न बनवू शकतात. अडतं ते पेशी घडवण्याचं काम. भर हिवाळ्यात खोडाचा एखादा भाग बाहेरून उबदार ठेवला, तर काही सूचिपर्णी झाडांत फक्त तेवढ्याच भागातलं कॅम्बियम जागं होतं, हे प्रयोगांत दिसलं आहे.

वसंतात मोठ्या पोकळीच्या, पातळ भिंतींच्या पेशी तयार होतात: तो फिकट पट्टा. उन्हाळा सरताना पेशी लहान होतात आणि त्यांच्या भिंती जाड होत जातात. जाडी चढायला कित्येक आठवडे लागतात आणि ऊब लागते. ती मिळाली नाही, तर गडद रेघ विरळच राहते. १८१५ मध्ये इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळा असा आलाच नाही. १८१६ सालचं ते कमी घनतेचं कडं, म्हणजे फिकट पट्टा आणि गडद रेघ मिळून झालेलं त्या वर्षाचं वलय, क्ष-किरणांनी आजही वाचता येतं.

तरीही ‘ऊब वाढली की लाकूड घट्ट’ असं सरसकट म्हणायला मी धजणार नाही. मध्य युरोपात १९०० नंतर झाडांची वाढ वेगाने झाली, पण लाकडाची घनता ८ ते १२ टक्क्यांनी घटल्याचं आढळलं. आणि पाणी तुटलं तर नुसती ऊब काय कामाची?

कोकणात ऊब कधीच कमी पडत नाही. गुहागर किंवा दिवेआगरचं सुरूचं बन पाइनसारखं दिसतं खरं, पण सुरू हा सपुष्प वृक्ष. त्याच्या ‘सुया’ म्हणजे बारीक हिरव्या डहाळ्या. त्याच्या खोडात वर्षाची कडी धड उमटतही नाहीत. इथे कडी बघायची तर सागाची. कोरड्या महिन्यांत तो पानं गाळून थांबतो आणि ओल मिळाली की मोठ्या छिद्रांची नवी ओळ सुरू करतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले संशोधक हिमालयातले देवदार अभ्यासतात, तसाच द्वीपकल्पातला सागही. सागाच्या कड्यांतून ते मुख्यतः जुन्या पावसाचा माग काढतात.