ग्रॅच्युइटी, बापाची आणि मुलाची : क्रूझवरच्या टिपची पार्श्वभूमी

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यात पंचवीस-तीस वर्षे काढलेल्या माणसाला ग्रॅच्युइटी म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. सलग पाच वर्षे नोकरी झाली की, सोडताना प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, हा हिशेब त्याला तोंडपाठ असतो. १९७२ च्या कायद्याने दिलेला तो हक्क. कळवा, ऐरोली, कोपरखैरणे भागात या पैशांतून घरांचे हप्ते फिटले, लग्ने झाली, मुलांची हॉटेल मॅनेजमेंटची फी भरली गेली. त्यातलाच एखादा मुलगा पुढे ‘बोटीवर’ लागतो आणि फोनवर सांगतो, ‘बाबा, या महिन्यात ग्रॅच्युइटी कमी आली.’ बाप बुचकळ्यात पडतो. नोकरीला अजून आठ महिनेही झाले नाहीत, मग ग्रॅच्युइटी कसली?

जहाजावर या शब्दाचा अर्थ टिप असा आहे. पण तेवढे सांगून भागत नाही, कारण आज क्रूझच्या बिलावर माणशी, दर रात्रीमागे लागणारी ग्रॅच्युइटी ही आपल्या समजुतीतली टिपही उरलेली नाही. क्रूझवरून परतलेली कुटुंबे आणि बोटीवर काम करणारी मुले या विषयावर एकमेकांशी बोलू लागली की पहिल्या पाच मिनिटांत वाद होतो, तो बहुतेक वेळा या शब्दामुळे.

आपल्याकडे वरून देण्याच्या पैशाला शब्दांची वाण कधीच नव्हती. बक्षिसी, दिवाळीची पोस्त, चहापाणी. प्रत्येकाचा मान वेगळा. पोस्त मागायला पोस्टमन दारात उभा राहिला तर कोणी वाईट मानत नसे. ‘चहापाणी’ मात्र सरकारी कचेरीत शिरले आणि बदनाम झाले. या सगळ्यांत एक गोष्ट समान होती. घेणाऱ्याचा पगार दुसरीकडून येत असे आणि वरचे पैसे देणाऱ्याच्या खुशीवर असत. अमेरिकेत टिपची चाल युरोपातून आली, तेव्हा तिकडे तिला मोठा विरोध झाला. वॉशिंग्टन राज्याने १९०९ मध्ये टिप देण्याघेण्यावर बंदीचा कायदाच केला, आणखी काही राज्यांनी त्याचा कित्ता गिरवला. १९२६ पर्यंत हे सगळे कायदे रद्द झाले होते. अटलांटिक ओलांडणाऱ्या प्रवासी बोटींवर तोवर स्टुअर्डला, म्हणजे प्रवाशांची सरबराई करणाऱ्या नोकराला, प्रवासाच्या शेवटी पैसे देण्याचा रिवाज पक्का झाला होता, आणि सहलीच्या जहाजांनी तो तसाच उचलला.

नव्वदच्या दशकात बोटीवर गेलेले लोक ‘पाकिटाची रात्र’ अजून सांगतात. सात रात्रींच्या सफरीत शेवटच्या संध्याकाळी केबिनमध्ये छोटी पाकिटे ठेवलेली असत: एक वेटरसाठी, एक असिस्टंट वेटरसाठी, एक केबिन साफ करणाऱ्यासाठी, एक हेड वेटरसाठी. सोबत किती रक्कम अपेक्षित आहे त्याचा कागदही असे. एका मोठ्या अमेरिकी कंपनीच्या कागदावर दर माणशी, दर दिवशी वेटरला साडेतीन डॉलर, केबिनवाल्याला साडेतीन, असिस्टंटला दोन आणि हेड वेटरला पाऊण डॉलर असा हिशेब होता, म्हणजे सगळे मिळून दहा डॉलरला थोडे कमी. पाकीट हातात देताना हस्तांदोलन होई, फोटो निघे. काही टेबलांवरची माणसे मात्र नेमकी त्याच रात्री जेवायला येत नसत. ती का आली नाहीत हे वेटरला कळत असे, आणि सात दिवस त्यांच्या मुलांचे लाड केल्यावर ते रिकामे टेबल बघणे किती जिव्हारी लागे हे त्या काळातली माणसे आजही सांगतात.

पाकिटाची पद्धत मोडली ती मात्र जेवणाच्या वेळांमुळे. पूर्वी प्रवाशाला पहिल्या दिवशी टेबल आणि वेळ ठरवून मिळे आणि शेवटपर्यंत तोच वेटर वाढी. २००० च्या सुमारास एका कंपनीने वाटेल तेव्हा, वाटेल त्या ठिकाणी जेवा अशी मोकळीक दिली आणि तीच तिची जाहिरात झाली. आज इथे, उद्या तिथे जेवणारा प्रवासी पाकीट कोणाला देणार? म्हणून माणशी ठरावीक रक्कम रोज थेट प्रवाशाच्या खात्यावर चढवायला सुरुवात झाली. इतर कंपन्याही एकेक करून त्या वाटेने गेल्या. ‘टिप आवश्यक नाही’ असे धोरण कित्येक वर्षे मिरवणाऱ्या एका जुन्या कंपनीने २००४ मध्ये ते सोडले. पाकिटांना सर्वांत जास्त चिकटून राहिलेल्या मोठ्या कंपन्यांपैकी एकीने २०१३ मध्ये आपोआप आकारणी सुरू केली, तेव्हा रक्कम १२ डॉलर होती. आज मोठ्या अमेरिकी कंपन्यांत साध्या केबिनला ती साधारण १६ ते २० डॉलरच्या घरात आहे, सुइटला त्याहून जास्त. १६ डॉलरच धरले तरी चौघांच्या कुटुंबाला सात रात्रींचे ४४८ डॉलर होतात, म्हणजे चाळीस हजार रुपयांच्या आसपास. लहान मुलांचीही रक्कम लागते. बारमधल्या बिलावर १८ ते २० टक्के चढतात ते वेगळेच.

या बदलाची एक बाजू खरोखर चांगली होती आणि ती नाकारणे अन्याय होईल. पाकीट जायचे ते दिसणाऱ्या माणसाला. खालच्या डेकवर चादरी धुणारा, भांड्यांच्या विभागात दहा-दहा तास वाफेत उभा राहणारा, पहाटे तीनला जिने पुसणारा यांच्या हातात पाकीट कधी पडलेच नाही. रक्कम एकत्र जमा होऊ लागली तेव्हा त्यांनाही वाटा मिळण्याची सोय झाली.

पण त्याच वेळी एक गोष्ट गुपचूप घडली, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातली कळीची गोष्ट तीच आहे. भेट पगाराच्या जागी जाऊन बसली. पाकिटाच्या काळातही मूळ पगार तुटपुंजाच होता, पण तेव्हा ते उघड होते. आता करारात एकूण रक्कम लिहिली जाते आणि तिचा मोठा भाग ग्रॅच्युइटीतून यावा असे धरलेले असते. म्हणजे प्रवासी जे ‘खुशीने’ देतो असे त्याला सांगितले जाते, त्यातून कंपनीचे वेतनाचे ओझे हलके होते. नावेही कंपनीगणिक बदलतात: कुठे ग्रॅच्युइटी, कुठे सर्व्हिस चार्ज, कुठे क्रू अप्रिसिएशन. एका कंपनीच्या अटींत या रकमेतला काही भाग ताफ्यातल्या कर्मचाऱ्यांच्या कल्याणाच्या योजनांनाही जातो असे लिहिलेले आहे. कर्मचाऱ्याचे कल्याण हे मालकाचे काम, ते टिपमधून का व्हावे? एका ब्रिटिश कंपनीने २०१९ मध्ये ही आकारणी बंद करून रक्कम भाड्यातच धरली. म्हणजे हे करता येते. बाकीच्या बहुतेक मोठ्या कंपन्यांनी केले नाही.

कायद्याचा आधार घ्यायचा तर कोणता कायदा, हाच प्रश्न पडतो. जहाजाचे कार्यालय अमेरिकेत, पण नोंदणी बहामा, पनामा, माल्टा किंवा बर्म्युडाची. त्यामुळे अमेरिकेतले किमान वेतन तिथे लागू होत नाही. सागरी कामगारांचा आंतरराष्ट्रीय करार २००६ मध्ये झाला, २०१३ मध्ये अमलात आला आणि भारताने तो २०१५ मध्ये मान्य केला. त्याने विश्रांतीचे तास बांधून दिले (चोवीस तासांत किमान १०, आठवड्यात किमान ७७) आणि दर महिन्याला पगाराचा लेखी हिशेब देणे सक्तीचे केले. हा लेखी हिशेब मोठीच गोष्ट आहे. पण करारात किमान वेतनाचा जो आकडा सुचवला जातो तो डेकवरच्या प्रशिक्षित खलाशासाठी. केबिनमधले पलंग लावणाऱ्यासाठी तसा आकडा नाही. ‘मूळ पगार’ म्हणजे ओव्हरटाइम, बोनस, भत्ते वगळून उरतो तो, एवढी व्याख्या आहे, आणि तो मूळ पगार किती बारीक ठेवायचा हे कंपनीवर सोडलेले आहे.

हे ओझे खालच्या माणसावर कसे सरकते ते अमेरिकेतल्या एका खटल्यात दिसले. प्रवासी उतरण्याच्या आणि नवे चढण्याच्या दिवशी काही तासांत सगळ्या केबिन नव्याने लावून द्याव्या लागतात. एकट्याला ते जमत नाही म्हणून वरिष्ठ स्टुअर्ड स्वतःच्या खिशातून, म्हणजे टिपमधूनच, मदतनीस ठेवत होते. त्यांनी कंपनीकडे दंडासह मजुरी मागितली. अपील न्यायालयाने २०१३ मध्ये दंडाची मागणी फेटाळली.

बापलेकांची ग्रॅच्युइटी इथे समोरासमोर ठेवून पाहावी. शब्दाच्या मुळात दोन्हीकडे मेहेरबानीच आहे. इमानाने राबलेल्या नोकराला मालकाने जाताना दिलेली रक्कम ही आपल्याकडेही आधी मालकाची मर्जीच होती. कामगारांच्या संघटना कोर्टकचेऱ्यांत लढल्या, निवाडे झाले, आणि अखेर १९७२ मध्ये मर्जीचा हक्क झाला. शब्द तोच राहिला, अर्थ पार उलटला. जहाजावर प्रवाशाची मर्जी ठरावीक दरात बसवली गेली, बिलावर छापली गेली, पण घेणाऱ्याचा हक्क झाली नाही. कारण बहुतेक जहाजांवर रिसेप्शनच्या काउंटरवर जाऊन ‘काढून टाका’ म्हटले की ती निघते.

आणि ती काढून टाकण्याचे प्रमाण आपल्या लोकांत कमी नाही असे बोटीवरची मुले सांगतात, तेव्हा ऐकायला जड जाते. यामागे इथल्या हॉटेलांमधल्या सर्व्हिस चार्जचा वाद आहे. २०१७ मध्ये केंद्राने सांगितले की सर्व्हिस चार्ज ऐच्छिक आहे. जुलै २०२२ मध्ये तो बिलात आपोआप लावूच नये असे निर्देश आले, त्याच महिन्यात त्यांना स्थगिती मिळाली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते निर्देश वैध ठरवले. ही बातमी घोडबंदर रोडवरच्या हॉटेलात बिल भरणाऱ्याने वाचलेली असते. तोच माणूस सिंगापूरला किंवा मायामीला जहाजावर चढतो आणि त्याला वाटते, हेही तसेच बेकायदा काहीतरी असणार. हे निर्देश भारतातल्या हॉटेल-रेस्टॉरंटांसाठी आहेत. शिवाय इथल्या वेटरला किमान वेतनाचा कायदा, निदान कागदावर तरी, पाठीशी आहे. जहाजावरच्या मुलाकडे तेही नाही. काउंटरवर रक्कम काढून मग केबिनवाल्याला रोख वीस डॉलर देणारे आपण थेट दिले म्हणून समाधानाने उतरतात. काही कंपन्यांत मात्र रक्कम काढलेल्या प्रवाशाकडून आलेली रोख टिप सामायिक रकमेत जमा करावी लागते.

पैशांखेरीज कौतुकाची दुसरी रीत आहे आणि ती आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नाही. सफरीनंतर येणाऱ्या प्रश्नावलीत किंवा कॉमेंट कार्डावर कर्मचाऱ्याचे नाव लिहिले तर ते त्याच्या नोंदीत जाते. पुढचे कॉन्ट्रॅक्ट, बढती, चांगला सेक्शन यात त्याचा उपयोग होतो. तक्रारीचाही तेवढाच परिणाम होतो, म्हणून गुण देताना सांभाळावे.

२०२० च्या मार्चमध्ये जहाजे थांबली तेव्हा ग्रॅच्युइटी एका दिवसात शून्य झाली. बिल भरायला प्रवासीच नव्हते. कर्मचारी मात्र जहाजांवरच अडकले, काही तर मुंबईच्या समोर समुद्रात. एप्रिलमध्ये दीडशेच्या जवळपास भारतीय कर्मचाऱ्यांना एका जहाजावरून इथे उतरू दिले गेले, त्याआधी कित्येक दिवस त्यांना शहर दिसत होते पण घर गाठता येत नव्हते. नेरुळ, दिवा, मुंब्र्यातल्या ज्या घरांनी गृहकर्जाचा हप्ता ‘एकूण’ रकमेवर बेतला होता त्यांना मूळ पगार म्हणजे नेमके किती हे त्या वर्षी कळले.

बेलापूर, नेरुळ, वाशी परिसरात सागरी प्रशिक्षणाचे वर्ग आणि भरतीची कार्यालये पुष्कळ आहेत. तिथे मुलाखतीला जाणाऱ्या मुलाला अजूनही एकच आकडा सांगितला जातो. त्यातला करारातला पगार किती, ग्रॅच्युइटीचा अंदाज किती, आणि प्रवासी कमी आले तर हमी कितीची, हे तीन आकडे वेगवेगळे विचारायला हवेत. भरतीसाठी उमेदवाराकडून फी घेणे नियमात बसत नाही. पासपोर्ट, सीडीसी (खलाशाची सरकारी नोंदवही) आणि वैद्यकीय तपासणीचा खर्च उमेदवाराने करायचा, व्हिसाचा मालकाने. तरीही या भागात पैसे घेऊन गायब होणाऱ्या दलालांची प्रकरणे येतच राहतात, आणि फुगवलेला ‘टिपसह’ आकडा हेच त्यांचे आमिष असते.

मुंबईहून सुटणाऱ्या क्रूझचा काळ तुलनेने छोटा आहे. २००५ मध्ये एका आशियाई कंपनीने आपले जहाज इथे ठेवले, २०१६ मध्ये एका इटालियन कंपनीने मालदीवच्या फेऱ्या सुरू केल्या, २०१८ मध्ये मुंबई-गोवा सेवा आली, आणि सप्टेंबर २०२१ पासून भारतीय प्रवाशांसाठी चालवलेले मोठे जहाज गोवा, लक्षद्वीप, कोचीच्या फेऱ्या करू लागले. सप्टेंबर २०२५ मध्ये इंदिरा गोदीतल्या नव्या क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन झाले. या जहाजांवर प्रवासी ठाण्याचा, केबिन लावणाराही कधी कळव्याचा, आणि दोघेही मराठीत बोलतात. ‘दादा, कुठले तुम्ही?’ असे विचारल्यावर ‘खारेगाव’ असे उत्तर येते. शेवटच्या सकाळी बॅगा दाराबाहेर ठेवल्यावर हातात नोट कोंबावी की बिलावरची रक्कम पुरेशी समजावी, हा प्रश्न तिथे थेट त्या दादालाच विचारता येतो. त्याला मात्र त्याचे उत्तर देण्याची मोकळीक नसते, कारण प्रवाशाकडे पैशांचा विषय काढणे शिस्तभंगात मोडते.