मेलेल्या मुंग्यांचा पहारा

पावसाळा सरता सरता कुंपणाच्या भिंतीवर कधी कधी एक झटापट दिसते. काळी, लांब पायांची गांधीलमाशी आपल्याहून जड कोळ्याला धरून उलट्या पावलांनी मागे ओढत नेत असते. कोळी लुळा पडलेला असतो, पण मेलेला नसतो. माशीच्या डंखाने त्याची हालचाल तेवढी थांबलेली असते. बिळात नेऊन ठेवल्यावर माशी त्याच्यावर एकच अंडं घालते आणि बीळ बंद करते. अंड्यातून निघालेली अळी त्या एका कोळ्यावर वाढते. मांस ताजं राहावं म्हणून कोळी जिवंत ठेवायचा, अशी ही व्यवस्था आहे.

या माश्यांचं कुळ पॉम्पिलिडी. जगभरात त्यांच्या सुमारे ५००० प्रजाती ज्ञात आहेत आणि एका अळीला एकच कोळी हा नियम जवळजवळ सगळीकडे पाळला जातो. अळी आणि भिंगुरटीचा दृष्टांत आपण कीर्तनात ऐकलेला असतो: भिंगुरटी अळीला मातीच्या घरात कोंडते आणि अळी तिच्या ध्यासाने स्वतःच भिंगुरटी होऊन बाहेर येते. ती भिंगुरटी कोळ्यांऐवजी सुरवंट पकडणारी, या कुळाची लांबची नातलग. दृष्टांत रचणाऱ्यांचं निरीक्षण मात्र चोख होतं. आत अळी गेली, बाहेर माशी आली, हे खरंच आहे. मधलं सगळं बंद घरट्यात घडतं, त्यामुळे घरटं उघडून पाहिल्याशिवाय ते कळायला मार्ग नाही.

अशीच घरटी उघडताना चीनमध्ये एक नवी प्रजाती सापडली. आग्नेय चीनच्या झेजियांग प्रांतात गुतियानशान नावाचं राखीव जंगल आहे. जंगलात झाडांच्या प्रजाती जास्त असल्या तर बाकीच्या जीवसृष्टीवर काय परिणाम होतो, हे शोधणाऱ्या बीईएफ-चायना या मोठ्या प्रकल्पाचं काम तिथे चालू होतं. जर्मनीतल्या फ्रायबुर्ग विद्यापीठाचे मिखाएल श्टाब तिथे पोकळ जागेत घरटी करणाऱ्या माश्यांचा अभ्यास करत होते. त्यांनी वापरलेली पद्धत अगदी साधी आहे. बोरूसारख्या गवताच्या पोकळ कांड्या प्लॅस्टिकच्या नळीत गच्च भरायच्या आणि नळी जंगलात टांगून ठेवायची. मेलेल्या फांद्यांतली किड्यांनी पोखरलेली भोकं शोधत फिरणाऱ्या माद्यांना या कांड्या पसंत पडतात. मग दर महिन्याला जाऊन वसती झालेल्या कांड्या काढायच्या, त्यांच्या जागी रिकाम्या ठेवायच्या आणि आणलेल्या कांड्या प्रयोगशाळेत उभ्या चिरून पाहायच्या.

चिरलेली कांडी म्हणजे एकामागे एक खोल्या. दोन खोल्यांमध्ये राळ, माती आणि झाडपाल्याच्या कचऱ्याची भिंत. प्रत्येक खोलीत एक कोळी आणि त्यावर एक अंडं किंवा अळी. सगळ्यात बाहेरची, तोंडाजवळची खोली बऱ्याच माश्या रिकामीच सोडतात. चोराने दार फोडलं तरी त्याच्या हाती काही लागू नये, एवढाच तिचा उपयोग. गुतियानशानच्या काही कांड्यांमध्ये मात्र ही बाहेरची खोली मेलेल्या मुंग्यांनी भरलेली निघाली. गोळा केलेल्या एकूण ८२९ घरट्यांपैकी ७३ घरटी अशी होती. घरट्यात अशा मेलेल्या मुंग्या भरून ठेवणारा दुसरा कोणताच प्राणी तोवर माहीत नव्हता.

मला या शोधाचं मोल वाटतं ते याच टप्प्यावर. कीटकांच्या बहुतेक नव्या प्रजाती टाचणीला टोचलेल्या रूपातच आपल्याला भेटतात. जाळ्यात सापडलेली एखादी मादी, खाली गाव आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी, बस. ती काय खाते, कुठे राहते, तिचा नर कसा दिसतो, यातलं काहीच कळत नाही. कोळी पकडणाऱ्या माश्यांमध्ये हा घोळ जास्तच आहे, कारण नर आणि मादी पुष्कळदा इतके वेगळे दिसतात की दोघांना दोन निराळी नावं पडण्याची भीती असते. कांडीत वाढलेल्या माशीचं तसं होत नाही. खोलीतली अळी पुढे कोषात गेली, कोषातून माशी बाहेर आली, की घरटं, शिकार आणि प्रौढ कीटक यांची गाठ कायमची बांधली जाते. एकाच घरट्यातून नर आणि मादी दोन्ही निघाले, तर ते एकाच प्रजातीचे यात शंका उरत नाही.

ही माशी नवीन आहे हे ठरवण्याचं काम पुढे बर्लिनच्या निसर्गविज्ञान संग्रहालयातले मिखाएल ओल यांच्यासारख्या गांधीलमाश्यांच्या जाणकारांचं. आधी कुळ पाहायचं. छातीच्या बाजूला, मधल्या भागावर आडवी खाच दिसली आणि मागचे पाय लांब, काटेरी असले, की पॉम्पिलिडी. मिशांचे तुकडे मोजायचे, मादीला १२ आणि नराला १३. मग जीनस, म्हणजे कुळातला जवळच्या प्रजातींचा गट. ही माशी ड्यूटेराजेनिया या गटातली होती. काही तज्ज्ञ या गटाला डायपोगॉनचीच शाखा मानत आले आहेत. या माद्यांच्या तोंडाखाली ताठ केसांचे दोन झुबके असतात, आणि घरट्याचं सामान वाहून आणायला ते कामी येतात असं समजलं जातं. खरा कस लागतो तो प्रजाती ठरवताना. पंखांच्या शिरांची जाळी, चेहऱ्याच्या खालच्या पट्टीची कड, पाठीच्या मागच्या उतारावरचे खरबरीत ठसे, नराच्या जननेंद्रियाचा आकार, एकेक गोष्ट सूक्ष्मदर्शकाखाली पाहून आधी वर्णन झालेल्या आप्तांशी ताडून पाहावी लागते. जुन्या वर्णनांत पुष्कळदा चारच ओळी असतात, मग त्या वेळचा मूळ नमुना संग्रहालयातून काढून बघण्याला पर्याय नसतो. हे काम दिसायला कोरडं आहे, पण यात झालेली चूक पुढच्या प्रत्येक अभ्यासात वाहत जाते. म्हणून असं काम करणाऱ्यांबद्दल मला फार आदर आहे.

नाव देण्याचेही नियम आहेत. प्राण्यांच्या नामकरणाची गणना १७५८ पासून, म्हणजे स्वीडनचे निसर्गशास्त्रज्ञ लिनियस यांच्या ‘सिस्टिमा नॅचुरे’ या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीपासून होते. नवी प्रजाती जाहीर करताना एक विशिष्ट नमुना होलोटाइप म्हणून नेमावा लागतो आणि पुढे कधी वाद झाला तर नाव त्या नमुन्याला चिकटलेलं राहतं. २०१२ पासून फक्त ऑनलाइन निघणाऱ्या नियतकालिकांतली नावंही ग्राह्य धरली जातात, मात्र तो शोधनिबंध झूबँक या प्राणिनामांच्या नोंदवहीत आधी नोंदलेला हवा. श्टाब, ओल, चाओ-दोंग झू आणि अलेक्झांड्रा-मारिया क्लाइन यांनी जुलै २०१४ मध्ये ‘प्लॉस वन’ या ऑनलाइन नियतकालिकात ही माशी जाहीर केली. हाडं साठवण्याच्या जागेला लॅटिनमध्ये जे म्हणतात, त्यावरून तिचं नाव ठेवलं ड्यूटेराजेनिया ओसॅरियम. बाहेरच्या खोल्यांतल्या मुंग्यांपैकी सगळ्यात जास्त आढळलेली मुंगी शोधनिबंधात पॅकिकॉन्डायला अस्टुटा म्हणून नोंदली आहे. त्याच वर्षी मुंग्यांच्या वर्गीकरणाची फेरमांडणी झाली आणि तिचं जीनस बदलून एक्टोमोमिर्मेक्स झालं.

ही मुंगी आकाराने मोठी, आक्रमक आणि कडक डंखाची. अंडी घालून झाल्यावर माशी निघून जाते, पिल्लांवर लक्ष ठेवायला कोणी उरत नाही. परजीवी माश्या आणि इतर कीटक अशी घरटी शोधतच असतात. त्यांच्यातले बरेच वासावर चालतात. घरट्याच्या दारातून या मुंगीचा वास येत असेल, तर आत तिचंच वारूळ आहे असं समजून शत्रू लांब राहत असावेत, असा संशोधकांचा तर्क आहे. आकडे त्याला दुजोरा देतात. त्याच जंगलात, तशाच कांड्यांमध्ये राहणाऱ्या इतर माश्यांच्या सुमारे १६.५ टक्के खोल्या परजीवींनी ग्रासलेल्या होत्या, तर मुंग्यांची खोली करणाऱ्या माशीच्या फक्त ३ टक्के. खोल्यांतल्या मुंग्या धडधाकट अवस्थेत होत्या, त्यामुळे त्या वारुळाबाहेरच्या कचऱ्यातून वेचलेल्या नसून माशीने स्वतः शिकार करून आणल्या असाव्यात असंही त्यांना वाटतं.

पण ही तुलना वेगवेगळ्या माश्यांमधली आहे, आणि घरटं कमी ग्रासलं जाण्यामागे भिंतीचा जाडपणा किंवा अंडी घालण्याचा हंगाम अशी दुसरीही कारणं असू शकतात. वासाचा तर्क पक्का करायचा तर याच माशीची घरटी घेऊन, काहींच्या बाहेरच्या खोलीतल्या मुंग्या काढून, काहींच्या तशाच ठेवून ती पुन्हा जंगलात शेजारी शेजारी टांगावी लागतील. आणखी काही घरट्यांत त्या मुंगीचा नुसता वास लावून पाहावा लागेल, म्हणजे शत्रूला अडवतं ते मुंग्यांचं शरीर की त्यांचा गंध, हेही वेगळं करता येईल.