बाटलीची पुन्हा बाटली का होत नाही?

आमच्या सोसायटीच्या धावण्याच्या स्पर्धेत सगळ्यांना टी-शर्ट मिळाले. कॉलरच्या आत लिहिलं होतं, 'सात बाटल्यांपासून बनवलेला'. शेजारचे काका खूश झाले. म्हणाले, "बघा, प्लास्टिकचं चक्र पूर्ण झालं!" तेव्हापासून हे डोक्यात घोळतंय, कारण चक्र पूर्ण झालेलं नाही. बाटलीचा शर्ट झाला खरा, पण रंग, शिलाई आणि दुसरे धागे मिसळलेल्या या शर्टाचा पुन्हा शर्ट होणं फार दुर्मीळ. तो एक दिवस कचऱ्यातच जाणार. चक्रीय अर्थव्यवस्थेत वस्तू त्याच दर्जाची होऊन परत यायला हवी, म्हणजे बाटलीची बाटली. ते इतकं अवघड का, याचं उत्तर पाण्यात दडलंय.

पाण्याची बाटली पीईटी या प्लास्टिकची असते. दहावीत आपण आम्ल आणि अल्कोहोल यांपासून इस्टर तयार होताना पाहिलं, त्यात पाणी बाहेर पडतं. पीईटी म्हणजे असेच इस्टर बंध एकामागोमाग एक जोडून झालेली साखळी. बाटलीच्या पीईटीत एका साखळीत सरासरी १३० च्या आसपास कड्या असतात. पण ही अभिक्रिया उलटही फिरते. तापलेल्या पीईटीला पाणी भेटलं, की पाण्याचा एक रेणू एक बंध तोडतो आणि एका साखळीच्या दोन होतात.

आता हिशेब करू. १३० कड्यांच्या साखळीचं रेणुवस्तुमान साधारण २५,०००. म्हणजे एक किलो पीईटीत ४० मिलीमोल साखळ्या (मिलीमोल हे रेणूंची संख्या मोजायचं एकक). प्रत्येक साखळी सरासरी एकदा तोडायला ४० मिलीमोल पाणी पुरे. पाण्याचं रेणुवस्तुमान १८, म्हणून ते भरतं ०.७२ ग्रॅम. एका किलो प्लास्टिकच्या साखळ्यांची सरासरी लांबी निम्म्यावर आणायला एक ग्रॅमसुद्धा पाणी लागत नाही! मला हा आकडा पहिल्यांदा कागदावर मांडला तेव्हा खरा वाटेना, म्हणून पुन्हा मांडला. आपल्या पावसाळी हवेत नुसता पडून राहिलेला पीईटीचा चुरा किलोमागे दोन-तीन ग्रॅम पाणी शोषू शकतो. म्हणून तो वितळवण्याआधी १६० ते १७० अंशांवर काही तास सुकवतात, पाणी किलोमागे ०.०५ ग्रॅमच्या खाली येईपर्यंत.

लांबीचं एवढं महत्त्व का? गरम पीईटी फुग्यासारखं फुगवून बाटली होते. साखळ्या लांब असतील तरच त्या एकमेकींत गुंतून ताण पेलतात आणि सोड्याचा दाब सोसतात. धाग्याला आखूड साखळ्या चालतात. म्हणून थकलेल्या पीईटीची वाट शर्टाकडे वळते. आखूड साखळ्या पुन्हा जोडता येतात. चुरा न वितळवता २०० अंशांच्या थोडं वर, निर्वातात, तासन्‌तास तापवायचा आणि सुटणारं पाणी ओढून घेत राहायचं. बाटलीची बाटली अशीच होते, पण माल अतिशय शुद्ध हवा.

अशुद्धी येते कुठून? बाटलीचं झाकण पाण्यावर तरंगतं आणि पीईटी बुडतं, त्यामुळे ते आपोआप वेगळे होतात. पण काही बाटल्यांना पीव्हीसी या दुसऱ्याच प्लास्टिकचं घट्ट वेष्टन असतं. पीव्हीसीची घनता पीईटीच्या इतकी जवळ, की तेही सोबत बुडतं. पुढे भट्टीत त्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं आणि आम्लामुळे पाण्याचं साखळ्या तोडण्याचं काम आणखी वेगानं होतं. दहा किलो चुऱ्यात एक ग्रॅम पीव्हीसीनंही माल बिघडतो. वेष्टन कशाचं लावायचं, हे बाटली आखणाऱ्या माणसानं टेबलाशी बसून ठरवलेलं असतं. रंगाचंही तसंच. जपानी उत्पादकांनी रंगीत बाटल्या स्वतःहून सोडल्या. स्प्राइटची हिरवी बाटली २०२२ मध्ये उत्तर अमेरिकेत पारदर्शक झाली, कारण हिरव्या पीईटीची पुन्हा पारदर्शक बाटली होत नाही.

इथे कुणीतरी 'प्लास्टिक खाणाऱ्या जिवाणू'चा व्हॉट्सअ‍ॅप संदेश पाठवतंच. तो जिवाणू खरा आहे, २०१६ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी जाहीर केला, आणि त्याचं विकर (एन्झाइम) पाण्यानंच हा इस्टर बंध तोडतं. पण प्रयोगातली पातळ, मऊ फिल्म संपवायला त्याला ३० अंशांवर सुमारे सहा आठवडे लागले. बाटलीची ताणलेली, स्फटिकमय भिंत त्याहून कितीतरी चिवट. संशोधन मोलाचं आहे, पण त्याच्या भरवशावर कचरा उकिरड्यावर टाकणं हा भाबडेपणा.

आज हे चक्र जे काही फिरतंय, ते माणसांच्या हातांनी. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली आणि तिच्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था आली. सभासदांत बहुतांश स्त्रिया, त्याही मुख्यतः दलित समाजातल्या. प्लास्टिक वाकवून, त्याचा आवाज ऐकून त्या ते ओळखतात. पीव्हीसीचं वेष्टन लावायचं ठरवणाऱ्याला त्याचा एक पैसाही भुर्दंड पडत नाही. तो पडतो कचरा निवडणाऱ्या बाईच्या वेळेवर, बोटांवर आणि भंगारवाल्याकडच्या भावावर. जे निवडलं जात नाही त्याचा वास आणि दूषित भूजल वर्षानुवर्षं पुण्याच्या कचरा डेपोजवळच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या वाट्याला आलं. प्लास्टिक कचऱ्याबाबतच्या २०२२ च्या नियमांनी उत्पादकांवर प्लास्टिक पॅकेजिंगच्या विल्हेवाटीची जबाबदारी टाकली, पॅकेजिंगमध्ये पुनर्वापर केलेलं प्लास्टिक घालण्याची टक्केवारीही ठरवली. हे चांगलंच आहे. पण त्या हिशेबात निवडणाऱ्या बाईची मजुरी ठळकपणे दिसायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

आमच्याकडे येणाऱ्या मावशींना मी त्या टी-शर्टाबद्दल सांगितलं. त्यांनी हातातल्या बाटलीचं वेष्टन नखानं सोलत विचारलं, "दादा, हे तेवढं घरीच ओढून काढाल का? दिवसाला दोन-दोन पोती असतात."