क्लोमधला शर्ट गेममध्ये का चालत नाही

'डिजिटल फॅशन डिझाइन' या एकाच पाटीखाली सध्या दोन वेगळे व्यवसाय शिकवले जातात. कोर्सच्या जाहिरातीत ते इतके बेमालूम मिसळलेले असतात, की आपण नेमकं काय शिकतोय हे विद्यार्थ्याला निम्मा कोर्स संपल्यावर कळतं. पहिला व्यवसाय म्हणजे व्हर्च्युअल सॅम्पलिंग: कापडाला कात्री लावण्याआधी कपडा क्लोसारख्या सॉफ्टवेअरमध्ये पडद्यावर शिवून बघायचा, फिटिंग तपासायचं, बायरला दाखवायचं. दुसरा म्हणजे गेममधल्या, किंवा रोब्लॉक्स आणि व्हीआरचॅटसारख्या आभासी जगातल्या पात्राच्या अंगावर चढेल आणि त्याच्यासोबत धावेल, बसेल, उडी मारेल असा कपडा तयार करणं. पॅटर्न दोन्हीकडे आहे, अवतार (ज्याच्या अंगावर कपडा घालायचा ते थ्रीडी शरीर) दोन्हीकडे आहे, स्क्रीनशॉटही सारखेच दिसतात. मग 'मला क्लो येतं, म्हणजे गेमचे कपडे येतातच' असं बिनधास्त म्हटलं जातं. येत नाहीत. कामाचा पहिला एक-तृतीयांश हिस्सा येतो, तोही थोडा उलटा शिकावा लागतो.

फॅशनच्या विद्यार्थ्याला पॅटर्न, डार्ट, ग्रेनलाइन, सीम अलाउन्स हे सांगायची गरज नाही. आर्महोल आणि स्लीव्ह कॅप जुळवता येणारा माणूस गेमच्या कपड्यात नुसत्या थ्रीडी मॉडेलिंगमधून आलेल्यापेक्षा नक्कीच पुढे असतो, कारण त्याच्या कपड्यात शिलाई जिथे असायला हवी तिथेच असते. तेवढा फायदा पदरात घ्या आणि पुढे चला.

दोन किरकोळ गोंधळ आधी निकालात काढू. क्लो आणि मार्व्हलस डिझायनर ही दोन्ही सॉफ्टवेअर क्लो व्हर्च्युअल फॅशन या एकाच दक्षिण कोरियन कंपनीची. शिवायची पद्धत, सिम्युलेशन, बटणांच्या जागासुद्धा बहुतांशी सारख्या. क्लोचा कल कारखान्याकडे: ग्रेडिंग (एका मापाचा पॅटर्न बाकीच्या मापांत नेणं), टेक पॅक (कारखान्यासाठी कपड्याचा तपशील), कॅडला जाणारी डीएक्सएफ फाइल. मार्व्हलसचा कल गेम, अ‍ॅनिमेशन आणि व्हीएफएक्सकडे. एक येत असेल तर दुसरं आठवडाभरात हाताला बसतं, त्यामुळे 'क्लो शिकू की मार्व्हलस' यावर होणाऱ्या लांबलचक चर्चा मला वेळेचा अपव्यय वाटतात.

दुसरा गोंधळ फोटोवरच्या कपड्यांचा. २०१९ साली द फॅब्रिकंट या डच कंपनीचा 'इरिडेसन्स' नावाचा डिजिटल ड्रेस ९,५०० डॉलरना विकला गेला, आणि तेव्हापासून प्रत्येक प्रेझेंटेशनमध्ये त्याचं चित्र असतं. तो ड्रेस विकत घेणाऱ्याच्या फोटोवर बसवायचा होता. म्हणजे ते रेंडरिंगचं, संगणकाकडून सावकाश चित्र काढून घेण्याचं काम. थ्रीडी आकार त्रिकोणांचा बनलेला असतो; इथे लाखो त्रिकोण चालतात, एका फ्रेमला तास लागला तरी कुणाचं बिघडत नाही. गेमच्या कपड्याचं उदाहरण म्हणून तो दाखवणं चूक आहे. गेमचं उदाहरण हवं असेल तर त्याच वर्षी लुई व्हिताँने लीग ऑफ लेजंड्समधल्या कियाना या पात्रासाठी केलेली स्किन, म्हणजे नवा पेहराव, घ्या, किंवा २०२१ मध्ये बालेन्सियागाने फोर्टनाइटसाठी केलेले कपडे.

आता मुख्य मुद्दा. तो न कळल्यामुळेच बाकी सगळे घोळ होतात.

क्लोमध्ये कपडा कापडासारखा वागतो, कारण प्रत्येक क्षणी त्याच्यावरचं वजन, ताण आणि घर्षण यांचा हिशोब चालू असतो. हा हिशोब सोपा व्हावा म्हणून कपड्याची जाळी, म्हणजे मेश, साधारण एकसारख्या आकाराच्या पण वेड्यावाकड्या दिशांच्या त्रिकोणांची असते. ती तशी असणं हा दोष नाही. त्रिकोणांना ठरावीक दिशा नसते म्हणूनच कापड कुठल्याही बाजूला सारखं वळतं.

गेममध्ये हा हिशोब करायला वेळच नसतो. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे एका फ्रेमला सुमारे १६.७ मिलिसेकंद, आणि तेवढ्यात अख्खं जग उभं करायचं असतं: इमारती, प्रकाश, शत्रू, आवाज. म्हणून कपडा कापडासारखा वागवतच नाहीत. तो पात्राच्या आतल्या हाडांना बांधलेला असतो. मेशच्या प्रत्येक बिंदूला सांगितलेलं असतं की तू ७० टक्के दंडाच्या हाडाचा, ३० टक्के खांद्याचा. हाड हललं की बिंदू त्या प्रमाणात हलतो. ना गुरुत्वाकर्षण, ना ताण, ना सुती आणि रेशमी यांत फरक. अनरिअल या गेम इंजिनमध्ये कापड हलवणारं केऑस क्लॉथ आहे, व्हीआरचॅटमध्ये झुलणारी हाडं म्हणजे फिजबोन्स आहेत, असं कुणी म्हणेल. आहेत, पण ते झग्याचा घेर, पदर, टोप्यांची टोकं अशा मोजक्या भागांपुरते वापरतात. आणि केऑस क्लॉथसुद्धा क्लोमधून आलेल्या जड मेशवर नव्हे, हलक्या मेशवर चालवतात.

म्हणजे सिम्युलेशनसाठी उत्तम असलेला मेश हाडांवर वळवण्यासाठी नालायक असतो. इथे लोक ऐकत नाहीत, म्हणून आकडे बघू. पूर्ण बाह्यांच्या शर्टाला दीड चौरस मीटर कापड धरा. पार्टिकल डिस्टन्स, म्हणजे मेशच्या शेजारच्या बिंदूंमधलं अंतर, २० मिलिमीटर असेल तर साडेआठ हजारांच्या आसपास त्रिकोण होतात. डिस्टन्स निम्मा केला की त्रिकोण चौपट होतात, त्यामुळे चांगल्या घड्यांसाठी ५ मिलिमीटरवर आलात की आकडा सोळा पटीने वाढून एक लाख चाळीस हजारांच्या घरात जातो. जाडी चालू करून एक्सपोर्ट केलं तर दुपटीहून जास्त. आता मर्यादा बघा. रोब्लॉक्सवर कपड्याच्या एका नगाला ४,००० त्रिकोण. डिसेंट्रालँडमध्ये बहुतेक कपड्यांना १,५००. व्हीआरचॅटच्या क्वेस्ट हेडसेटवरच्या आवृत्तीत 'गुड' दर्जा हवा असेल तर शरीर, केस, बूट, कपडे सगळं मिळून १०,०००.

यावर ठरलेलं उत्तर येतं: 'मग डेसिमेट लावू.' डेसिमेट मॉडिफायर त्रिकोण कमी करतो खरा, पण कुठले ठेवायचे हे तो पृष्ठभागाच्या उंचसखलपणावरून ठरवतो. कोपर कुठे आहे हे त्याला माहीत नसतं. पात्र सरळ उभं असेपर्यंत सगळं छान दिसतं. हात वाकवला की कोपराशी बाही चिमटल्यासारखी आत जाते आणि त्रिकोणांचे काटे बाहेर येतात. मार्व्हलसमधलं क्वाडचं बटण दाबून मेश चौकोनी केला म्हणजे रिटोपॉलॉजी झाली, हा समज तर याहून चिवट. ते चौकोन पॅटर्नच्या तुकड्याप्रमाणे मांडले जातात, सांध्याप्रमाणे नव्हे, आणि पाठीच्या सपाट भागावर काखेइतकीच दाटी करून ठेवतात.

रिटोपॉलॉजी म्हणजे जड मेशवर हलका मेश नव्याने विणणं, आणि तो हातानेच करावा असं माझं ठाम मत आहे. निदान पहिले पाच-सहा कपडे तरी. कोपर आणि गुडघ्याला किमान तीन एज लूप, म्हणजे मेशमधल्या वेढा घालणाऱ्या रेषा: एक ऐन घडीवर, दोन तिच्या दोन बाजूंना, बाहेरच्या अंगाला ते दूर, आतल्या अंगाला जवळ. खांद्याला लूप आर्महोलच्या शिलाईभोवती फिरले पाहिजेत. पॅटर्नचं ज्ञान इथे खरं कामाला येतं, कारण हात वर केल्यावर कापड कुठून ओढलं जातं हे तुम्हाला आधीच माहीत असतं. पाठ, पोट, बाहीचा मधला भाग मोकळा सोडा. अस्तर, फेसिंग, खिशाच्या पिशव्या, प्लॅकेटखालचा पदर हे सगळं कापून टाका. क्लोमध्ये ज्या प्रामाणिकपणाबद्दल मार्क मिळतात तोच इथे ओझं होतो. कॉलर, कफ आणि घेराच्या कडेला मात्र एक सेंटिमीटरभर आत वळलेली पट्टी ठेवा, नाहीतर कपडा कागदाचा वाटतो आणि बाहीतून आत पाहिलं की पोकळी दिसते.

जड मेशवरच्या घड्या हलक्या मेशवर नॉर्मल मॅपमधून, म्हणजे सपाट पृष्ठभागावर उंचसखलपणाचा भास देणाऱ्या चित्रातून येतात. त्याला बेकिंग म्हणतात. नियम साधा आहे. बाह्यरेषा बदलणारी घडी मेशमध्ये, बाकीच्या नॉर्मल मॅपमध्ये. पण बेक केलेली घडी कडक इस्त्रीच्या घडीसारखी कायमची बसते. पात्र टी-पोझमध्ये (हात आडवे पसरून) असताना खांद्यावर जमलेला कापडाचा गोळा बेक केला, तर पात्र हात खाली सोडून उभं राहिल्यावरही तो तिथेच दिसतो. म्हणून सिम्युलेशन शक्यतो ए-पोझमध्ये करा, हात साधारण ४५ अंश खाली. घड्याही मोजक्याच ठेवा: शिलाईलगतचा बारीक चुणा, कमरेच्या इलॅस्टिकवरचा चोळामोळा, कोपराची जुनी सुरकुती. ज्या घड्या वापरून-वापरून कापडात मुरतात त्या बेक करायच्या. जी घडी केवळ त्या क्षणाच्या पोझमुळे पडली आहे ती नाही. आर्टस्टेशन या कलाकारांच्या पोर्टफोलिओ संकेतस्थळावर वाहवा मिळवणारे घड्यांनी गच्च भरलेले जॅकेट पात्र चालू लागलं की हास्यास्पद दिसतात, ते यामुळेच.

बेक बरोबर असूनही घड्या उलट्या, म्हणजे उंचवट्याच्या जागी खड्डे दिसले, तर नॉर्मल मॅपचा हिरवा चॅनेल उलटा आहे. अनरिअल डायरेक्टएक्स पद्धत मानतं, ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर आणि युनिटी हे गेम इंजिन ओपनजीएल. दोन मिनिटांचं काम. त्यासाठी पुन्हा बेक करत बसू नका.

मोजमापाचंही असंच. मार्व्हलस मिलिमीटरमध्ये विचार करतं, अनरिअल सेंटिमीटरमध्ये, ब्लेंडर मीटरमध्ये. अवतार आयात करताना एकक चुकलं की तो दहापट किंवा शंभरपट लहान होऊ शकतो. मग मलमल ताडपत्रीसारखी वागते आणि दोष फॅब्रिक प्रीसेटला दिला जातो. आयात झाल्यावर उंची १७०० मिलिमीटरच्या आसपास आहे ना, एवढं बघून मगच पहिली शिलाई घाला. आणि अवतार त्या-त्या गेमचाच हवा. क्लोच्या तयार मॉडेलवर शिवलेला शर्ट रोब्लॉक्सच्या ठोकळ्यावर नंतर 'बसवू' म्हणणं म्हणजे काम दोनदा करणं.

वेट पेंटिंगची, म्हणजे कुठला बिंदू कुठल्या हाडाचा किती टक्के हे ठरवण्याची, धास्ती बाळगू नका. ब्लेंडरमध्ये शरीराच्या मेशवरून वेट कपड्यावर उतरवा, एका बिंदूवर जास्तीत जास्त चार हाडं ठेवा, नॉर्मलाइझ करा (टक्क्यांची बेरीज शंभर करा). ऐंशी टक्के काम होतं. उरलेलं काखेत आणि जांघेत हाताने. घोळ होतो स्कर्टमध्ये. शरीरावरून उतरवलेल्या वेटमुळे स्कर्टचा डावा अर्धा डाव्या मांडीला, उजवा अर्धा उजव्या मांडीला चिकटतो आणि पहिल्याच पावलाला मधोमध ताणून फाटल्यासारखा दिसतो. तिथे मध्यभागी दोन्ही मांड्यांचे वेट हळूहळू मिसळावे लागतात, किंवा स्कर्टला स्वतःची हाडं द्यावी लागतात. पोर्टफोलिओसाठी साडी करायची हौस असेल तर गोल साडीऐवजी नऊवारीने सुरुवात करा: कासोटा घातलेली नऊवारी दोन पायांत विभागलेली असते, त्यामुळे पायांचे वेट जवळपास सरळ लागू पडतात. पदराला मात्र हाडांची साखळी किंवा क्लॉथ सिम्युलेशन लागेलच.

रोब्लॉक्सच्या लेयर्ड कपड्यांना याशिवाय दोन पिंजरे लागतात, इनर केज आणि आउटर केज. आतला शरीराचा आकार सांगतो, बाहेरचा तुमच्या कपड्याचा, म्हणजे वरून जॅकेट घातलं तर ते शर्टातून आत न घुसता वर बसतं. बाहेरच्या पिंजऱ्याचे बिंदू फक्त ओढायचे. एकही बिंदू काढायचा नाही, त्याच्या यूव्हीला (मेश सपाट उलगडल्याचा नकाशा) हात लावायचा नाही, नाहीतर कपडा भलत्याच आकारात फुगतो.

कोर्स निवडताना ब्रोशरमधला 'मेटाव्हर्स' शब्द सोडून द्या आणि अभ्यासक्रमात रिटोपॉलॉजी, बेकिंग, वेट पेंटिंग आणि एखादं गेम इंजिन यांना किती तास आहेत ते विचारा. शून्य असतील तर तो सॅम्पलिंगचा कोर्स आहे. तोही उत्तम व्यवसाय आहे, पण त्याची नोकरी गारमेंट एक्सपोर्टरकडे आणि ब्रँडकडे मिळते, पुण्यात २००८ पासून असलेल्या युबिसॉफ्टच्या स्टुडिओसारख्या ठिकाणी नाही. गेम स्टुडिओत 'फॅशन डिझायनर' या नावाची जागा क्वचितच निघते. कपडे करणाऱ्याला तिथे कॅरेक्टर आर्टिस्ट म्हणतात, आणि त्याला चेहरा, केस, बूटही करावे लागतात. उलट बाजूचा गैरसमजही आहे: एनआयडीच्या (राष्ट्रीय डिझाइन संस्था) बंगळूर कॅम्पसवरचा डिजिटल गेम डिझाइनचा एम.डेस. हा गेमचे नियम आणि अनुभव घडवण्याचा अभ्यास आहे, पोशाखांचा नव्हे.

पोर्टफोलिओत फिरत्या टेबलावरचं रेंडर एकच पुरे. त्याच्या शेजारी वायरफ्रेम, त्रिकोणांची संख्या, टेक्स्चरचा आकार, आणि इंजिनमध्ये तोच कपडा चालताना, मांडी घालून बसताना, दोन्ही हात डोक्यावर नेताना. शर्टाची परीक्षा हात वर नेल्यावर होते: काख ताणून पंख्यासारखी झाली तर खांद्याचे लूप चुकलेत, पोटाची त्वचा बाहेर आली तर कपड्याखालचं शरीर काढायचं राहिलंय, आणि कॉलर कानात घुसली तर कॉलरचे वेट मानेऐवजी खांद्याच्या हाडाकडे गेलेत.