सिग्नलवर बंद पडलेली गाडी

मे महिन्यातली संध्याकाळ. इंदूरच्या पलासिया चौराह्यावर सिग्नल हिरवा झाला आणि आमची गाडी बंद पडली. बाबांच्या वेळची जुनी, छोटी गाडी. शेजारी आई, तिच्या मांडीवर रामबागेत मावशीकडे न्यायचा डबा. सेल्फ मारला तर नुसता टक-टक आवाज. मागून पहिला हॉर्न लगेच आला, मग दुसरा, मग सगळेच सुरू झाले. सगळ्यात जोरात होता अगदी मागचा रिक्षावाला. एक जण तर बाइक खिडकीशी आणून "चलाना नहीं आता तो निकालते क्यों हो" असं सुनावून गेला. आई कळवळून म्हणाली, "अगं, गाडी बंद आहे हे ह्यांना दिसत नाही का?"

खरंच दिसत नाही. मागच्याला दिसते ती फक्त डिकी आणि न हलणारी चाकं. आत बॅटरी बसली आहे, की चालवणारी मोबाइलमध्ये गुंतली आहे, हे त्याला कळायला मार्ग नसतो. मग मन ती रिकामी जागा आपणच भरतं, आणि भरताना परिस्थितीपेक्षा माणसालाच दोष देतं. आपली गाडी बंद पडली तर नशीब, दुसऱ्याची पडली तर त्याचा बावळटपणा. मनाच्या या सवयीला अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ली रॉस यांनी १९७७ मध्ये ‘मूलभूत आरोपण दोष’ असं नाव दिलं.

गंमत अशी की दोष किती मोठ्याने द्यायचा, हे समोरची गाडी बघून ठरतं. ॲन्थनी डूब आणि ॲलन ग्रॉस या मानसशास्त्रज्ञांचा १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग मला फार बोलका वाटतो. कॅलिफोर्नियातल्या रस्त्यांवर सिग्नल हिरवा झाला तरी ते गाडी मुद्दाम जागची हलवत नसत. कधी ती काळी, चकचकीत, महागडी क्रायस्लर असे, कधी जुनी साधी गाडी. जुन्या गाडीमागच्या ८४ टक्के चालकांनी हॉर्न वाजवला, महागडीमागच्या ५० टक्क्यांनीच. दोघांनी तर हॉर्न न वाजवता सरळ जुन्या गाडीच्या बंपरला धक्का दिला. नंतर काही विद्यार्थ्यांना विचारलं, तुम्ही असता तर काय केलं असतं? मुलगे म्हणाले, महागड्या गाडीवर आम्ही लवकर हॉर्न वाजवला असता. प्रत्यक्षात रस्त्यावर घडलं होतं नेमकं उलट. म्हणजे दुसऱ्याची पत बघून आपण गप्प बसतो किंवा ओरडतो, याचा आपल्याला स्वतःलाच पत्ता नसतो. आमच्या गाडीचा उडालेला रंग पाहता त्या दिवशीचे हॉर्न मला आता नीट समजतात.

उन्हाचाही हात असतोच. अमेरिकेतल्या फिनिक्स शहरात १९८६ च्या अभ्यासात असंच आढळलं, की उकाडा वाढतो तसे हॉर्न वाढतात, आणि ज्यांच्या काचा खाली आहेत, म्हणजे बहुधा एसी नाही, त्यांचे जास्तच. मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशी ओलांडतो. रिक्षाला तर काचाही नसतात.

पण मदतीचं काय? जेम्स ब्रायन आणि मेरी ॲन टेस्ट यांनी १९६७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लॉस एंजेलिसच्या रस्त्यावर एक तरुणी पंक्चर झालेल्या गाडीजवळ उभी होती. चार हजार गाड्या गेल्या, थांबल्या फक्त ९३. मात्र त्या चार हजारांतल्या निम्म्या गाड्यांना साधारण चारशे मीटर आधी दुसरं एक दृश्य दाखवलं होतं: तशीच बंद गाडी, आणि कुणीतरी टायर बदलून देतंय. ते दृश्य बघून आलेल्यांपैकी ५८ थांबले, न बघता आलेल्यांपैकी ३५. माणसं त्याच शहरातली, रस्ता तोच. फरक एवढाच की एकांनी मदत होताना नुकतीच पाहिली होती.

हेच मी पलासियावर डोळ्यांनी पाहिलं. सिग्नल दुसऱ्यांदा लाल झाला तेव्हा मी दार उघडून खाली उतरले आणि बोनेट वर केलं. कोपऱ्यावरच्या पतासेवाल्याशी, म्हणजे पाणीपुरीवाल्याशी, नजरानजर झाली. "भैया, जरा धक्का लगा दोगे?" एवढंच म्हणाले, पण त्यालाच म्हणाले. गर्दीला उद्देशून मारलेली हाक कुणाचीच नसते. डार्ली आणि लाताने या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये दाखवून दिलं, की बघणारे जितके जास्त, तितकी प्रत्येकाला वाटणारी जबाबदारी कमी. एकाकडे बघून मागितलं की ती वाटली जात नाही.

पतासेवाल्याने गमछ्याला हात पुसले, ठेला पोराच्या हवाली केला आणि डिकीला हात लावला. तो लावलेला दिसताच स्कूटरवरच्या एका मुलाने गाडी स्टँडला लावली. त्याच्यामागून आला चक्क तो रिक्षावाला, इतका वेळ हॉर्नवरून हात न काढणारा. "न्यूट्रल करो, पहले साइड में लेते हैं."

कडेला आल्यावर त्यांनी पुन्हा जोर लावला. मी दुसरा गिअर टाकून क्लच दाबून धरला होता, वेग आल्यावर सोडला. बॅटरीत स्टार्टर फिरवण्याइतका दम नसला तरी प्लगला ठिणगी देण्यापुरता असतो. इंजिन फिरवायचं काम चाकं करतात. एक हिसका बसला आणि गाडी सुरू झाली.

आईने डब्यातली करंजी पुढे केली. पतासेवाला ती घेऊन ठेल्याकडे पळाला. रिक्षावाला खिडकीशी वाकला, जरा ओशाळून म्हणाला, "बैटरी थी क्या? पहले बोलना था ना दीदी. मैं तो समझा, फोन पे लगी हो."